धावायला शिकवायचंय, पण आधी मी कशावरून शिकू?

माळावरचा मास्तर | ८ जून, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाले, जागा काही भरली नाही, आणि "तुम्ही रोज सकाळी पळायला जाता ना सर" एवढ्या पात्रतेवर मैदानी खेळ माझ्या गळ्यात पडले. गेलं वर्ष जमेल तसं रेटलं. यंदा मात्र सुट्टी असूनही तेवीस पोरं-पोरी साडेसहाला मैदानावर हजर असतात. काही १४ वर्षांखालची, काही १७ खालची. मैदान म्हणजे मुरुमाचा माळ आणि कोपऱ्यात एक बाभळ. साहित्य म्हणाल तर दोन गोळे, एक थाळी, आणि वाळू कमी, हरळी जास्त असा उडीचा खड्डा.

माजी विद्यार्थ्यांनी ९,००० रुपये गोळा करून दिलेत. वर अट: "सर, आधी तुम्ही नीट शिका, साहित्याचं पुढच्या वर्षी बघू." आता शिकायचं कशावरून? कुणी म्हणतं पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक कोर्स करा. कुणी इंग्रजी ठोकळ्याएवढी पुस्तकं सुचवतं. भाचा म्हणतो मामा, यूट्यूब असताना पैसे कशाला घालवता. एक जण मोबाइलवरचं ॲप घ्या म्हणून मागेच लागलाय, वर्षाची वर्गणी भरली की रोजचा सराव आपोआप येतो म्हणे.

माझी अडचण अशी की यातलं चांगलं कोणतं आणि भंपक कोणतं हे ओळखण्याइतकंही मला कळत नाही. तुम्ही काय वापरलंत, आणि कशावरचे पैसे वाया गेले?

---

ठाण्याचा ठोंब्या | ८ जून, रात्री ९:५२

पॉपकॉर्नऐवजी गूळ-शेंगदाणे घेऊन बसलो आहे. धाग्याच्या विषयाचा मान राखायला हवा.

---

फक्कीबहाद्दर | ८ जून, रात्री १०:३०

मास्तर, ३१ वर्षं पीटी शिकवली. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ते पुस्तक-बिस्तक राहू द्या. पहिली खरेदी: ५० मीटरची टेप, फक्कीची दोन पोती, सुतळी, खुंट्या. ज्या पोरांना २०० मीटर म्हणजे नक्की किती हे माहीत नाही, त्यांच्या वेळा घेऊन करायचंय काय? आमच्या भागात शाळाशाळांत "शंभर मीटर" म्हणजे शाळेच्या भिंतीपासून पिंपळापर्यंत. पोरगं घरचा राजा असतं, जिल्ह्याला गेलं की रडत येतं.

४०० चा ट्रॅक तुमच्या माळावर बसणार नाही. २०० चा आखा. सरळ बाजू ४० मीटरच्या दोन, वळणाची त्रिज्या १८.८०. लेन १.२२ ची. हे आखता आलं की निम्मं प्रशिक्षण झालं समजा. एकदा आखलेला ट्रॅक पोरांनाच पुन्हा आखायला लावा, भूमितीही होते. तुम्ही विज्ञानवाले, तुम्हाला काय सांगायचं.

---

निळी बॅटन | ८ जून, रात्री ११:०५

फक्कीबहाद्दर काकांना टेपसाठी +१. पण मूळ प्रश्न "मी कशावरून शिकू" असा आहे, त्याचं उत्तर टेपमध्ये नाही.

मी पुण्यात मुलांना शिकवते, जागतिक संघटनेची पहिल्या पातळीची प्रशिक्षक परीक्षा दिली आहे. माझा अनुभव असा की साधन निवडताना पहिला प्रश्न मुलांच्या वयाचा. बाजारातलं बहुतेक साहित्य वीस-पंचवीस वर्षांच्या, घडलेल्या खेळाडूसाठी लिहिलेलं असतं. त्यात वर्षाचे टप्पे, टक्केवारी, वजनं उचलायची कोष्टकं सगळं असतं आणि तेरा वर्षांच्या मुलीला त्यातलं काहीही लागू होत नाही.

तुमच्या लहान गटासाठी वर्ल्ड ॲथलेटिक्सचं 'किड्स ॲथलेटिक्स' साहित्य बघा. फुकट आहे. चित्रं भरपूर, इंग्रजी सोपं. पळणं, उड्या, फेकणं खेळातून शिकवायचं, तेही गटागटाने, म्हणजे एकाचं चालू असताना बावीस जण उन्हात रांगेत उभे राहत नाहीत. साहित्यही जुगाडाने होतं: सायकलचे टायर, पुठ्ठ्याची खोकी, बांबू. नियमांची पुस्तिकाही त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट मिळते, ती आधी उतरवून घ्या. म्हणजे दोन महत्त्वाच्या गोष्टींवर शून्य रुपये खर्च.

पतियाळाचा कोर्स चांगला आहे, पण सहा आठवडे तुम्ही तिकडे आणि तेवीस पोरं इकडे. शाळा आता उघडेल. यंदा तो विषय सोडा, पुढच्या उन्हाळ्यासाठी चौकशी करून ठेवा.

आणि ॲपवर एक रुपयाही घालू नका. तुमच्या माळावर दगड किती आहेत हे त्या ॲपला माहीत नसतं.

---

संशयात्मा | ९ जून, सकाळी ७:१५

पुस्तकांबद्दल. रद्दीतून, जुन्या बाजारातून, ग्रंथालयातून मिळतील ती सगळी चाळा, पण विश्वास ठेवण्याआधी परीक्षा घ्या. माझ्या चार कसोट्या:

रिलेचं पान उघडा. ४ × १०० मध्ये बॅटन बदलायचा पट्टा २० मीटरचा आणि त्याआधी १० मीटर वेग घ्यायला, असं असेल तर पुस्तक २०१८ च्या आधीचं. आता सगळा मिळून ३० मीटरचा पट्टा आहे. मग सुरुवातीचं पान. चुकीच्या सुरुवातीला एकदा माफी लिहिली असेल तर २०१० च्या आधीचं, आता पहिल्याच चुकीला बाहेर. भालाफेकीचे फोटो बघा. पुरुषांचा भाला १९८६ मध्ये बदलला, गुरुत्वमध्य पुढे सरकवला, कारण १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेकला होता आणि पुढे भाला थेट ट्रॅकवर जाऊन पडायची वेळ आली होती. बायकांचा भाला १९९९ मध्ये बदलला. आधीचा भाला तरंगायचा, आताचा नाक खाली घालतो, त्यामुळे जुन्या तंत्राचं वर्णन जसंच्या तसं चालत नाही.

चौथी माझी आवडती. "सरावानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे" असं वाक्य सापडलं की लेखकाने जुनी पुस्तकं बघून नवं लिहिलंय हे ओळखावं. ते आम्ल तासाभरात निघून जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे असतं.

---

फक्कीबहाद्दर | ९ जून, सकाळी ८:०२

संशयात्मा, माझ्याकडचं पुस्तक १९८८ चं आहे. तुमच्या चारही कसोट्यांत नापास. पण त्यातली मैदान आखणी आजही ठणठणीत आहे. वर्तुळाचा परीघ काही २०१८ मध्ये बदलला नाही.

---

संशयात्मा | ९ जून, सकाळी ८:१०

मान्य. आखणीपुरतं ठेवा, बाकीचं उंच उडीच्या गादीत भरा.

---

शंभरमीटरवाली | ९ जून, दुपारी १:२०

माझा अनुभव जरा कडू आहे, पण या धाग्यावर यायला हवा.

मी पंधराची होते. जिल्ह्याला दुसरी आले होते. आमचे प्रशिक्षक मनाने फार चांगले, पदरचे पैसे खर्चून आम्हाला केळी आणायचे. त्यांना कुठून तरी एका परदेशी ऑलिंपिक धावपटूच्या सरावाची झेरॉक्स मिळाली. आठ पानं. ती त्यांनी फाइलमध्ये घालून देवाच्या पोथीसारखी जपली आणि आमच्यावर लावली. आठवड्याला सहा दिवस, त्यातले तीन दिवस ३०० मीटरच्या जोरकस धावा, दोन दिवस पायऱ्यांवर एका पायाने उड्या. डांबरी रस्त्यावर. कॅनव्हासचे बूट घालून. तीन महिन्यांत नडगी दुखायला लागली. "सहन कर, आत्ताच तर तयार होतंयस." पुढे क्ष-किरणात हाडाला बारीक चीर निघाली आणि अख्खा मोसम गेला. मी परत तेवढी वेगात कधीच धावले नाही.

त्या आठ पानांत खोटं काहीच नव्हतं. तो धावपटू खरंच तसा सराव करत असणार. फक्त त्याच्या आधीची दहा वर्षं त्या झेरॉक्समध्ये नव्हती, आणि तो कोणत्या ट्रॅकवर पळायचा, किती झोपायचा, काय खायचा, तेही नव्हतं.

म्हणून मास्तर, "अमुक विजेत्याचा सराव" असं शीर्षक दिसलं की ते करमणूक म्हणून वाचा.

---

निळी बॅटन | ९ जून, दुपारी १:४५

अगदी हेच. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डचं नाव घेऊन असंच होतं. त्याने पीटर स्नेलसारख्या ८०० मीटरवाल्यालाही आठवड्याला शंभर मैलांच्या घरात पळवलं आणि स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेतलं. लोक शंभर मैल तेवढे लक्षात ठेवतात. ही मोठी, कमावलेल्या पायांची माणसं होती आणि ते मैल बहुतेक दमसास बांधायच्या महिन्यांतले होते, हे विसरतात.

---

भालदार चोपदार | ९ जून, सायंकाळी ६:३०

सगळे यूट्यूबला नावं ठेवायच्या आत माझा भाला. केनियाचा ज्युलियस येगो. देशात सगळे पळणारे, भाला शिकवणारं कुणी नाही. हा गडी यूट्यूबवर बघून शिकला, 'यूट्यूब मॅन' म्हणून ओळखला जातो. २०१५ मध्ये बीजिंगला ९२.७२ मीटर फेकून जगज्जेता, २०१६ ला रिओत रौप्य. आपला नीरज चोप्राही भाल्याचा विश्वविक्रमवीर यान झेलेझ्नीचे व्हिडिओ बघत मोठा झाला आणि पुढे त्याच झेलेझ्नीला प्रशिक्षक म्हणून घेतलं. अजून काय पुरावा पाहिजे?

---

निळी बॅटन | ९ जून, सायंकाळी ७:१०

भालदार, येगो पुढे फिनलंडला जाऊन प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकला, तेही सांगा की.

मुळात येगो स्वतःसाठी बघत होता. हात त्याचा, खांदा त्याचा. चुकलं तर त्यालाच कळायचं. मास्तरांना तेवीस जणांच्या चुका बाहेरून ओळखायच्या आहेत. उत्तम फेक कशी दिसते ते व्हिडिओत दिसतं. पण आठवीतल्या पोरीच्या हातून भाला वाकडा का जातोय, आणि त्यासाठी तिला आज काय करायला सांगायचं, हे त्या व्हिडिओत नसतं. जो व्हिडिओ नवशिक्यांच्या चुका दाखवतो तो ठेवा. जो फक्त संथ गतीत जगज्जेते दाखवतो, त्याला अंगठा द्या आणि पुढे जा.

---

भालदार चोपदार | ९ जून, सायंकाळी ७:१८

भाला खाली ठेवला आहे. फिनलंडचा मुद्दा सोयीस्करपणे गिळला होता.

पण एक उपयोग खरा आहे. बघण्यापेक्षा चित्रित करा! साध्या मोबाइललाही संथ चित्रण असतं. लांब उडीच्या पाटीला काटकोनात, कंबरेच्या उंचीवर फोन धरून शेवटची चार पावलं घ्या आणि पोराला लगेच दाखवा. "पाटीसाठी पाऊल ताणू नको" हे मी शंभर वेळा ओरडून सांगितलं होतं. एका पोरीने स्वतःला एकदा बघितलं आणि विषय संपला.

---

हाडवैद्यबुवा | ९ जून, रात्री १०:००

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. शंभरमीटरवाली यांची गोष्ट आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येऊन झोपते.

मास्तर, एक वही घाला. दर मुलाची उंची महिन्यातून एकदा, भिंतीवर खूण करून. ज्या दोन-चार महिन्यांत पोरगं झपाट्याने वाढतं, तेव्हा उड्या आणि वेगाच्या धावा कमी करायच्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दाबला की दुखतो, हे त्याच काळातलं नेहमीचं दुखणं. त्याला "नाटक करतोय" म्हणू नका. मुलींच्या बाबतीत पाळी बंद झाली किंवा दम लवकर लागायला लागला तर रक्त तपासायला सांगा. हे विचारायला शाळेतल्या एखाद्या बाईंना सोबत घ्या.

आणि तुम्ही जे काही पुस्तक किंवा कोर्स निवडाल, त्यात विश्रांतीबद्दल किती पानं आहेत ते मोजा. एकही नसेल तर परत ठेवून द्या.

---

ठाण्याचा ठोंब्या | ९ जून, रात्री १०:१२

विश्रांतीबद्दल संपूर्ण पुस्तक लिहायला मी तयार आहे. ९,००० पुरे.

अवांतर: मैदानी खेळात अजून दहावीचे ग्रेस गुण मिळतात का? आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना "कमी घाम येणारा" खेळ हवाय.

---

देशस्थ धावक | १० जून, सकाळी ६:०५

ठोंब्या, काकूंना बुद्धिबळ सांगा.

मास्तर, तुम्ही माणचे म्हणून लिहितो. ललिता बाबर तुमच्याच तालुक्यातली, मोहीची. रिओ ऑलिंपिकला ३,००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) अंतिम फेरीत दहावी आली. आधी ती लांब पल्ल्याची, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत सलग तीनदा पहिली, स्टीपलचेसकडे वळली नंतर. बीडचा अविनाश साबळेही सैन्यात गेल्यावर या शर्यतीत आला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० मध्ये रौप्य घेऊन आला. बाराव्या वर्षी पोराच्या कपाळावर "हा स्टीपलचेसचा" असा शिक्का मारणारं साहित्य दिसलं तर या दोघांना आठवा. नाशिकला कविता राऊतला विजेंदर सिंगांनी घडवलं, तिथे अजूनही गट पळतात. दोन दिवस रजा टाकून अशा एखाद्या ठिकाणी नुसतं काठावर उभं राहून बघा. एसटीचं तिकीट आणि एक वही, एवढाच खर्च.

---

निळी बॅटन | १० जून, सकाळी ६:४०

हे मी लिहायला हवं होतं. +१०००. फक्त जाण्याआधी फोन करून विचारा, आणि सरावाच्या मध्ये प्रश्न विचारू नका. संपल्यावर चहाला थांबवा, चहावर प्रशिक्षक वाटेल तेवढं सांगतात.

---

गणिती गोगलगाय | १० जून, दुपारी ३:३३

सगळे पुढे गेलेत, मी अजून पहिल्या वळणावरच आहे. फक्कीबहाद्दर काका, तुमची १८.८० त्रिज्या चुकीची आहे. म्हणजे मास्तरांसाठी चुकीची.

ट्रॅकच्या आत उठलेली कडा असेल तर पहिल्या लेनचं अंतर कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात. माळावर कडा कुठली, नुसती फक्कीची रेघ. रेघेपासून २० सेंटिमीटरच मोजायचं. सरळ बाजू ८० मीटर गेल्या, वळणांना उरले १२०. त्याला ६.२८३२ ने भागा: १९.१० मीटर ही पळायची त्रिज्या. कडा असेल तर त्यातून ०.३० वजा, म्हणजे १८.८०. फक्की असेल तर ०.२० वजा, म्हणजे १८.९०.

तुमच्या आकड्याने फक्कीचा ट्रॅक १९९.३८ मीटर भरतो. ८०० च्या चार फेऱ्यांत अडीच मीटर गायब. पुढच्या लेनचा उतारही (म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात किती मीटर पुढे घ्यायची ते) बदलतो: दुसऱ्या लेनला पुस्तकातला ७.०४ कडेसाठी आहे, फक्कीला प्रत्येक लेनमागे ७.६७.

---

फक्कीबहाद्दर | १० जून, दुपारी ४:१५

३१ वर्षं.

३१ वर्षं १८.८० आणि ७.०४ ने आखलं. तरीच आमच्या शाळेचे ८०० चे विक्रम विभागाला गेल्यावर टिकत नव्हते!

गोगलगायबाई की बुवा, जे असाल ते, दंडवत घ्या.

---

ठाण्याचा ठोंब्या | १० जून, दुपारी ४:२०

काका, अडीच मीटर म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. विभागाला अर्ध्या सेकंदाने हरत होतात की पंधरा?

---

फक्कीबहाद्दर | १० जून, दुपारी ४:२२

तू शेंगदाणे खा.

---

माळावरचा मास्तर | ११ जून, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस वाचतोय, वहीत उतरवतोय.

ठरवलं ते असं. पुस्तक आणि ॲप सध्या रद्द. किड्स ॲथलेटिक्सची पानं आणि नियमपुस्तिका उतरवून घेतली, तालुक्याला छापून घेतो. माजी विद्यार्थ्यांना फोन करून टेप, फक्की आणि एका स्टॉपवॉचची परवानगी मागितली. "मोजायला शिकणं हेही शिकणंच" असा युक्तिवाद केला, चालला. नाशिकला फोन केलाय, पुढच्या शनिवारी या म्हणाले. उरलेले पैसे पुढच्या उन्हाळ्यातल्या कोर्सच्या प्रवासासाठी बाजूला.

नियमपुस्तिका बघताना एक शोध लागला. आमच्या दोन गोळ्यांपैकी एकावर ७.२६० कोरलेलं आहे. तो पुरुषांचा गोळा निघाला! १८ खालच्या मुलांना जागतिक नियमात ५ किलो आणि मुलींना ३. आमची दहावीतली एक पोरगी गेलं वर्षभर सव्वासातच्या गोळ्याने सराव करत होती आणि मी तिला "कोपर वर, कोपर वर" म्हणून ओरडत होतो. आज तिची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, मला वाटलं तो जड आहे म्हणूनच चांगला आहे."

आता शेवटचा प्रश्न. दोन पोरं उंच उडी मागतायत. गादी नाही. सर्वेश कुशारे निफाडकडच्या गावात मक्याच्या पाचोळ्यावर उड्या मारत शिकला असं वाचलंय, आणि २०२५ ला टोकियोत २.२८ मारून जगात सहावा आला. आमच्याकडे मका नाही, पण कडबा चिक्कार आहे. करू का?

---

हाडवैद्यबुवा | ११ जून, रात्री ९:०५

कडब्यावर पाठीवर पडायचं नाही. नाही म्हणजे नाही. फॉसबरी पद्धतीत, म्हणजे काठीवरून पाठ करून जायच्या उडीत, मान आणि खांदे आधी टेकतात.

---

निळी बॅटन | ११ जून, रात्री ९:२०

कात्री उडी शिकवा. अमेरिकेच्या डिक फॉसबरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला पाठीवरची उडी जगाला दाखवली त्याच्या कितीतरी आधीपासूनची पद्धत आहे, पायांवर उतरायचं असतं, खणलेल्या वाळूत चालते. वळणदार धाव आणि शेवटच्या तीन पावलांची लय तीच, त्यामुळे पुढे गादी मिळाली की काही वाया जात नाही. आडवी काठी ठेवू नका, सुतळी बांधा, मधे चिंधी लटकवा म्हणजे दिसते. आणि त्या खड्ड्यातली हरळी आधी काढा.

---

गणिती गोगलगाय | ११ जून, रात्री ९:४१

सुतळी मधे लोंबते. उंची खांबापाशी मोजू नका, चिंधीपाशी मोजा.

---

फक्कीबहाद्दर | ११ जून, रात्री ९:५५

मास्तर, फक्कीची पोती वऱ्हांड्यात ठेवा, खाली फळी घाला. एक पाऊस पडला की दगड होतो. आणि १८.९० ने आखल्यावर फोटो टाका इथे. मला बघायचाय.